रस्सीला गाठ नसावी

मनामा. समुद्र बुजवून उभं केलेलं हॉटेल.
पहाटे साडेचारपासून मी देश मांडतोय.

प्रत्येक देशाला एक पितळी पाटी, एक पेन्सिल,
पाण्याच्या दोन बाटल्या.
पूर्ण सदस्य पुढे.
सहयोगी त्यांच्या मागे: माईक आहे, मत नाही.
निरीक्षक भिंतीला लागून: पेन्सिल आहे, माईक नाही.
आणि भिंत संपते तिथे आम्ही, किटल्या घेऊन.
आमच्यासाठी घटनेत कलम नाही.
बिन्सी म्हणते, अकराची कॉफी अडवून बघ,
गणपूर्ती राहते का ते कळेल.

महासंघ रस्सीखेचीचा.
मला आधी थट्टाच वाटली.
मग टेबलांवर ठेवता ठेवता नियमपुस्तक चाळलं,
एकशे बारा पानं.
आमसभा सर्वोच्च, वर्षातून एक दिवस.
ती नऊ जणांची कार्यकारिणी निवडते,
आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते नऊ जण सर्वोच्च.
त्यांच्याखाली समित्या: नियम, पंच, शिस्त, अपील,
आणि समित्यांचा आढावा घेणारी आणखी एक.
दोराचा घेर किती. बुटाची टाच किती.
खेळाडूंचं वजन कोणी करायचं,
वजनकाटा कोणी तपासायचा.
कलम चार: रस्सीला गाठ नसावी.

चहा देताना हात दिसतात.
घड्याळं, अंगठ्या, मऊ तळवे.
एकाच तळव्याला घट्टे होते, बोटांच्या मुळाशी, पिवळे,
माझ्या बापाला होते तसे.
एका लहानशा बेटाचा माणूस. कोट मागून आणलेला असावा,
बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढायचे.
दोन टोकांना दोन रांगा, मध्ये समुद्र.
नियम एकच, तोही कुठे लिहिलेला नव्हता:
दोराक हात लागलो, की वाटो लागलो.
आवडाक्का उशिरा यायची, लुगड्याचा काष्टा खोचत,
शेवटची वावभर दोरी तेवढी तिच्या हाताला लागायची.
तिच्या टोपलीत तरी चार बांगडे पडायचेच.
(मालकाचा अर्धा वाटा त्याआधीच निघालेला असायचा,
हेही सांगायला हवं.)

विषय क्रमांक सात. दोन वर्षांची वर्गणी थकलेली.
बेटाचा माणूस उठला, म्हणाला, वादळ,
म्हणाला, धक्काच वाहून गेला,
आणि हिरवा दिवा लाल झाला. तीन मिनिटं संपली होती.
कार्डं वर झाली. मोजली गेली. पुन्हा मोजली गेली.
विरोधात चार, तटस्थ अकरा.
सुपरवायझरनं माझ्याकडे बघून भुवई उचलली.

मी गेलो, पाटी उचलली.
ती गार होती, एसीमुळे, आणि वाटली त्यापेक्षा जड.
तो म्हणाला, थँक यू.
स्वतःची बाटली घेऊन भिंतीकडे गेला.
पेन्सिली संपल्या होत्या. मी माझं पेन दिलं.

चार वाजता हिरवळीवर फोटो.
सुटाबुटातले दोन संघ, मध्ये नवीकोरी रस्सी.
एका बाजूला शेवटच्या टोकाला माणूस कमी पडला.
बेटवाला पुढे आला, थांबवला गेला:
निलंबित सदस्य स्पर्धेत भाग घेऊ शकत नाही.
फोटो ही स्पर्धा आहे का?
कायदा सल्लागारांनी चष्मा लावला,
पानं उलटली, आणि प्रश्न नियम समितीकडे पाठवला.

तोवर ऊन्ह उतरत होतं. फोटोग्राफर म्हणाला,
अरे तू, किटलीवाला, ये.

मी दोर बगलेतून पाठीवर घेतला.
झाडाखालून त्या माणसानं नुसती मान हलवली:
तसं नाही. टाच रोव. बस खाली, अजून खाली.
मी बसलो.
हिरवळीखालची वाळू बुटाला लागली.

फोटो आता लॉबीत लावलाय.
सगळे हसतायत, मागे झेंडे आहेत.
मी नाही त्यात.
दोर आहे. तो चौकटीच्या डाव्या कडेला जातो
आणि तिथेही ताणलेलाच आहे.