चारच्या खाली

मुस्सफाच्या शेडमध्ये रात्रीचे पावणेचार.
बाहेर छत्तीस अंश, काचेवर खारट दव.
आत तांब्याच्या थाळ्यांची उलटी उतरंड,
तळाच्या थाळीत
शून्याच्या उंबऱ्यावर बसलेले दोन क्युबिट.

एकाला विचारते: वर की खाली?
वर म्हणतो.
सगळं नव्याने मांडून विचारते: खाली.
नाणंसुद्धा इतकं कोडगं नसतं.

शम्साने फळ्यावर हिशेब लिहून ठेवलाय:
तीन दिशांनी विचारायचं,
दोघांच्या उत्तरांची बेरीज करायची,
ती किती डगमगते ते मोजायचं.
दोघे आपापले असतील
तर तिन्ही डगमगी मिळून चारच्या खाली येत नाहीत.
एकेकाच्या वाट्याला किमान दोन,
त्यात घासाघीस नाही.

गेल्या गुरुवारी आकडा आला होता दीड.
शम्सा खुर्चीवरून उठलीच,
मी आईला फोन लावत होते.
मग कळलं, चिलर बसला त्या तासात
वाचनाची रेघ सरकली होती.
एक यंत्र सारखं वरच म्हणत होतं,
दुसरं सारखं खालीच.
बंद घड्याळं डगमगत नाहीत.

कुंजुमोनने कंडेन्सरच्या जाळीतली वाळू
दात घासायच्या ब्रशने काढली.
जाताना विचारलं, चेची, ते दोघं आत करतात तरी काय?
म्हटलं, काही ठरवत नाहीत.
तो हसला. म्हणाला, माझी माणसं तशीच, मालकाने पगार दिला नाही की.
मला तेवढं कळलं नाही. विचारायचं राहिलं.

आता ताळा करते.
चार हजार शहाण्णव वेळा विचारलं:
पहिला वर, दोन हजार एकसष्ट;
खाली, दोन हजार पस्तीस.
म्हणजे कुणी गिरवून घेतलेलं नाही,
त्याचं त्याला खरंच ठाऊक नाही.
दुसऱ्याचंही तसंच.
आणि दोघांची मिळून डगमग
तीन पूर्णांक एक,
चूक धरली, इकडे तिकडे दोन दशांश,
तरी चारच्या खाली.

स्वतःबद्दल काहीच न ठरलेले दोघे
एकमेकांबद्दल एवढे पक्के.
(याला कुणी प्रेम म्हणू नये.
मी वहीत फक्त आकडा लिहिलाय, तारीख, आणि थाळीचं तापमान.)

शम्सा वहीवर गाल टेकून झोपलीय,
गालावर शाईचा उलटा तीन.
तिला उठवत नाही.
आधी चिलर बघून येते.