उस्ताद

कागदावर शिक्का आहे आणि शिक्क्याखाली लिहिलंय :
सदर पथक फक्त प्रशिक्षण देईल,
प्रत्यक्ष लढाईत भाग घेणार नाही.
सुनेनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून
रेशनकार्डाशेजारी ठेवलाय, पिठाच्या डब्यामागं.

मी बावीस वर्षं मॉर्टर चालवली.
नळीत गोळा सोडायचा, कानांवर हात घ्यायचे.
तो कुणाच्या अंगणात उतरला
ते नंतर नकाशावर पेन्सिलीनं कळायचं.
गोळ्याला वाचता येत नाही,
एवढं मला ठाऊक आहे.

धैर्यशील तिकडं उस्ताद आहे.
त्यांच्या बोलीत उस्तादाला काय म्हणतात, विचारलं.
म्हणाला, उस्तादच म्हणतात, आबा.
पहिला शब्द आम्ही तोच शिकवला.
एकोणीस-वीसची पोरं, धड मिसरूड नाही.
सुरुंगाच्या मातीचा रंग कसा ओळखायचा,
पाऊल टाकण्याआधी थांबायचं कसं.
एकाचं नाव याच्या जिभेवर बसेना
म्हणून हा त्याला बाळ्या म्हणतो.
बाळ्या हसतो म्हणे
आणि लेस न बांधताच पळत सुटतो.

देशाचं नाव फोनवर घ्यायचं नाही.
गावाचंही नाही.
मी विचारलं, सरहद्द किती लांब?
जरा थांबून म्हणाला : पुसेगाव ते सातारा.
बरं म्हटलं. एसटीनं तास-सव्वातास.
दिवाळीनंतर म्हणाला : पुसेगाव ते कोरेगाव.
मागल्या रविवारी : वर्धनगडचा घाट.
ओवी मांडीवर होती. टाळ्या पिटत म्हणाली,
पप्पा घाटापर्यंत आले!
सून चुलीकडं वळली. चुलीवर काही नव्हतं.

साताऱ्याच्या कँटीनमध्ये रांगेत
एक पेन्शनर कॅप्टनसाहेब भेटले.
म्हणाले, काळजी सोडा हवालदार.
परका गणवेश छावणीत दिसला
की समोरचा तोफ डागायला दहादा विचार करतो.
साबण, तेल, चहापत्ती पिशवीत भरून
मी वडूजच्या गाडीत बसलो
आणि तो दहादा विचार करणारा समोरचा
माझ्या शेजारी येऊन बसला.
घाट चढेपर्यंत उठला नाही.

रानात शाळू निसवलाय.
भोरड्या येतात म्हणून कार्तिकात मीच
दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून
धैर्यशीलचा जुना हिरवा शर्ट त्यांवर चढवला होता.
पहिले आठ दिवस पाखरू फिरकलं नाही.
मग लांबच्या बांधावर बसाय लागली,
मग जवळच्या.
अकराव्या की बाराव्या दिवशी एक भोरडी
नेमकी फितीच्या जागेवर, खांद्यावर बसली
आणि तिथंच चोच पुसली.

शिकवायला नेलाय त्याला,
का नुसता उभा करायला?
आणि पडलाच, तर कुणाच्या लढाईत पडला म्हणायचं?
पेपरात दोन सरकारं बोलतील,
मग आपलं बोलेल.
पहाटे येरळेच्या पुलावरून
अकादमीची पोरं पळतात, एक दो एक, एक दो एक,
ती त्याच्या नावानं ट्रकमध्ये चढतील.
ज्या सरहद्दीचं नाव
अजून आम्हाला घ्यायची परवानगी नाही
तिथं त्यांचे उस्ताद त्यांना घेऊन जातील.

म्हटलं, रजा टाक, निघून ये.
म्हणाला, उस्तादच निघाला तर बाळ्या काय समजेल?
हे बोलणं कुणाचं, ते मी ओळखलं.
माझंच होतं. त्याच्या लहानपणी
मी जेवताना असलंच काहीबाही बोलायचो.

काल फोन आला. आवाज तुटत होता.
ओवी विचारत राहिली, पप्पा, कुठवर आलं?
तो म्हणाला, हुरडा निघाला का, आबा?
म्हटलं, निघालाय, गोड आहे.
पुन्हा विचारलं त्यानं, हुरडा निघाला का?

रात्री बॅटरी घेऊन रानात गेलो,
शर्ट उतरवला. एक बटण नव्हतं.
घडी घालून उशाशी ठेवला.

सकाळी सून म्हणाली, आबा,
आता पाखरं बसतील की.
म्हटलं, बसू दे.