पोकुआच्या दारावर

मला जंगल हवं होतं.
गळ्यात दुर्बीण, बुटांना चिखल,
आणि एखादं बिननावाचं पाखरू
जे पहिल्यांदा माझ्याच वहीत उतरेल.

मिळालं काय, तर बाजारातलं एक स्टूल.
कुमासी, टायरच्या दुकानांमागची गल्ली,
जिथे शिकारीचं धुरावलेलं मांस विकतात.
सर म्हणाले, "डझिफा, सहा महिने बस. मोज.
विकत घ्यायचं नाही. सोडवायचं नाही.
रडायचं असेल तर खोलीवर जाऊन."
प्रमाणपत्रावर याला क्षेत्रकार्याचा अनुभव म्हणतात.

पहिले तीन आठवडे माआमे पोकुआनं
माझ्यावर एक शब्दही खर्च केला नाही.
सरकारी कान, असं मला पाठीमागे म्हणायची.
आणि मी समुद्राकडची, एवे बोलणारी,
माझी मोडकी त्वी ऐकून
शेजारच्या बायका पोट धरून हसायच्या.

मग एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी
तिनं माझ्यापुढे धरली. सकाळी की रात्री?
मी वाचून सांगितलं.
दुसऱ्या दिवशी माझं स्टूल सावलीत सरकलेलं होतं.

धुरानं आक्रसून काळा पडलेला पाय
कुणाचा, ते अंगठ्यानं चाचपून ओळखायचं.
डोळ्याखाली ही चीर बघ, ही ओत्वे, छोटं हरीण.
हे पिवळे दात म्हणजे आक्रांतिए,
हा उसात कितीही होतो, याचं वाईट वाटून घेऊ नकोस.
फासानं मेलं की गोळीनं, ते मानेचे केस सांगतात.
गाभण होती का, हेही तिच्या हाताला कळे.
तेव्हा ती थोडा वेळ भाव सांगत नसे.

माझ्या केसांत धूर मुरला.
बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहायची.
आई फोनवर म्हणाली,
"पण तू तर प्राणी वाचवायला गेली होतीस ना?"

एका संध्याकाळी फळ्या लावताना
दाराची आतली बाजू दिसली.
कोळशाच्या रेघा, ठिपके, गोल.
तिच्या आईच्या हातापासूनचा हिशोब.
रेघ म्हणजे ओत्वे, ठिपका आक्रांतिए,
आणि गोल म्हणजे आप्रावा, खवल्या मांजर,
भ्यालं की स्वतःचाच चेंडू करून घेणारं.
वरच्या फळीवर गोलांची नुसती खेटाखेट,
मधल्या फळीवर सुटे, लांब लांब.
तळाशी, माझ्या गुडघ्याजवळ, तीन.

"मोजत आम्हीपण होतो," ती म्हणाली,
"विचारलं कुणी?"

तोंडात टॉर्च धरून चार रात्री मी ते दार उतरवून घेतलं.
सर म्हणाले, सोनं आहे हे.
मी तिला तसंच जाऊन सांगितलं.
तिचा थोरला ओबुआसीच्या खाणीत असतो.
"सोनं," ती म्हणाली, आणि थुंकली.

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी,
मोटरसायकलवरच्या पोरानं एक गोणी आणून टाकली.
गोणी श्वास घेत होती.
मी वहीत लिहिलं: एक. जिवंत. अंदाजे दोन किलो.
सकाळी सहा वाजून चाळीस.
हात थरथरला, आकडा नीट आला.
नियम मला पाठ होता: आज एक सोडवलं
की उद्या दोन धरून आणतात.

पोकुआ गोणीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
तिनं पोराच्या हातावर पैसे मोजले.
मग मला म्हणाली, जा, कोको घेऊन ये.

रांग लांब होती.
परत आले तर गोणीची घडी घातलेली.
सुरी कोरडी. चूल अजून पेटायची होती.
मी विचारलं नाही.
तिनं साखर जास्त घातली. आम्ही प्यायलो.

रात्री दारामागे पाहिलं.
तळाशी तीनच गोल.

सर म्हणतात, या दोन नोंदी जुळत नाहीत.
अहवाल सोमवारी द्यायचा आहे.
मी अजून खोडरबर उचललेलं नाही,
कोळसाही नाही.