मुठीचं माप

खानविलकर बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या.
मला वाटलं, शेव-उसळ असेल.
डब्यात कणकेचा गोळा होता,
मुठीत घट्ट दाबलेला,
चार बोटांच्या खाचा, अंगठ्याचा एक खड्डा,
अंगठीची पुसट रेघ.

"गाडीचा गिअर ह्यांच्या हाताचा आहे.
माझा हात त्यावर पाहुण्यासारखा बसतो.
मला माझ्या मापाचा कातून द्या."

वय एकसष्ट. लायसन्स मागच्या मंगळवारी आलेलं.
जुना नॉब रुमालात बांधून आणला होता :
काळं प्लास्टिक, आकडे घासून गेलेले,
एक रिव्हर्सचा तेवढा नव्यासारखा ठळक.
"मागे घ्यायचा त्यांना कंटाळा," म्हणाल्या.
"कुणालातरी उतरून गाडी ढकलायला लावायचे."
कुणाला, ते मी विचारलं नाही.

मकरपुऱ्याला आमची शेड. वर पत्रा, मे महिना.
आजोबा सावंतवाडीहून बडोद्याला आले ते लाकडी आंबे-केळी कातत,
वडील संखेड्याला राहून लाखकाम शिकले,
मी पाळण्याचे पाय करतो. आणि लाटणी, डझनावारी.
गिअरचा नॉब तिघांत कुणीच केलेला नाही.

शिसवीचा एक तुकडा राखून ठेवला होता,
कशासाठी ते आता आठवत नाही.
आधी भोक, मग आकार.
हे वडील ओरडून सांगायचे,
पट्ट्याच्या आवाजात हळू बोललेलं पोचत नाही म्हणून.
पितळी नट ठोकला, आटे तपासले,
बोल्टवर चढवून चकात धरला,
गोल पटाशी टेकवली.

शिसव आधी भांडते.
चौकोनाचे कोपरे टक, टक, टक,
मग टकटक,
मग सगळ्या टकटकीचा एकच सूर,
आणि तिथून पुढे लाकूड ऐकायला लागतं.
काळपट सालपटं बाहीत शिरतात,
घशात खवखव.

लिंबाएवढा गोळा झाला.
डब्याकडे वळलो तर कणीक वाळून आकसलेली,
खाचांना भेगा,
अंगठ्याच्या खड्ड्यात मुंग्या.

लेथला तसंही बोट कळत नाही.
फिरेल ते गोल, एवढंच त्याचं शिक्षण.
पट्टा उतरवला, अर्धगोल कानस घेतली,
शेजारच्या शेडमध्ये खोकी भरणाऱ्या
मंगुबेनला हाक मारली. जरा मूठ धरा.
तिनं धरला,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
हवेत एक झटका वर, एक खाली,
उजवीकडे सरकवून पुन्हा वर.
मग स्वतःशीच हसली नि खोक्यांकडे गेली.
जन्मभर सिटी बसनं हिंडलेली बाई.

तिच्या बोटांच्या खुणांवर कानस चालवली.
पुन्हा चकात चढवून लाखेची कांडी टेकवली,
केवड्याच्या पानानं चकाकी आणली.
खाचांत लाख पोचली नाही,
तिथं शिसव उघडीच राहिली. राहू दिली.

"आकडे घालू?"
"नको. घातलेत तर खाली बघत बसेन."

दांड्यावर फिरवला. अडीच वेढ्यांत घट्ट,
आणि अंगठ्याचा खड्डा वळला तो
नेमका डावीकडच्या सीटकडे.
त्या क्षणभर त्या सीटकडे बघत राहिल्या.
"तिथं मी बसायचे," म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं."

पुठ्ठ्याची चकती कापून आत घातली,
अर्ध्या वेढ्याचा फरक पडला,
खड्डा त्यांच्याकडे आला.

फाटकापाशी गाडी दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा पहिला, मग खर्रर्र करून दुसरा,
मग ट्रकांच्या आडून काही दिसलं नाही.

डबा मात्र इथंच राहिला.
घासून ठेवलाय.
रिकामा परत द्यायचा नसतो,
आणि त्यात काय घालावं
ते आठ दिवस झाले, ठरत नाही.