खप्पड

सुपडू बिरारीच्या छापखान्यात
लग्नसराई सरली की
पत्रिकांची लाल-पिवळी शाई उरायची.
तिच्यातून तो निघाला:
गाल बसलेले, एकाच पायात वहाण,
डोक्यावर उधारीचा फेटा.

हिलालच्या सायकलच्या दुकानात
दहा पैशांत उभ्यानं वाचायचा.
मुलींना पाच पैसे, कारण मुली तिथं येतच नसत.
मी जायचे, हवा भरायच्या निमित्तानं.
चाक इतकं टणक झालं
की बोरीच्या पुलावर एकदा फुटलं
आणि मार मला खप्पडपायी बसला.

राजाचा घोडा चोरून
राजालाच विकायचा तो,
लगामाचे वेगळे लावून.
देव प्रसन्न झाला, म्हणाला, माग.
ह्यानं बिडी मागितली.
देवाकडे काडी नव्हती
म्हणून वर तोंडावर हसला.
एकदा गाव वाचलं त्याच्यामुळे. चुकून.
सत्काराचा नारळ घेऊन पळाला,
शाल परत पाठवली: टोचते.

दर अंकात कुणीतरी विचारायचंच,
लाज नाही वाटत रे?
आणि खप्पड कान खाजवत म्हणायचा,
"शे ना. घरमा ठेवेल शे."

आमच्याही घरी होती.
रोज धुऊन, झटकून, ओढणीबरोबर
माझ्या खांद्यावर पिन लावून बसवलेली.
गिरणीचा भोंगा झाला की आई
माझं हसणं दाराआड करायची,
बाबा पायरीशी आले, म्हणून.

भला नव्हता तो. हे तेव्हाही कळायचं.
नवव्या अंकात त्यानं
आंधळ्या म्हातारीची शिदोरी पळवली.
आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.
दहाव्यात परत आणून दिली,
भाकरी खाऊन, फडकं धुऊन.
एवढ्यावर मी त्याला माफ केलं.
इतक्या स्वस्तात पुढे कुणालाच नाही.

पंधराव्यात शिपायांनी त्याला
निंबाला उलटा टांगला.
फेटा खाली पडलेला, दात तेवढे वर.
उरलेलं पुढच्या अंकात.
पुढचा अंक आला नाही.
बिरारी सुरतेला गेला म्हणे,
छापखान्याच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा कचेरीत, अकरा जणांसमोर,
साहेबांनी फाईल आपटून विचारलं,
"बाई, तुम्हाला लाजबीज काही?"
त्रेपन्न वर्षांची मी. वैशाखातली दुपार.
पंखा गरम हवा ढवळत होता.
टेबलाखाली एका पायातली चप्पल
आपोआप सुटली
आणि तोंडातून निघून गेलं,
"शे ना साहेब. घरमा ठेवेल शे."

साहेब कोकणातले.
त्यांना वाटलं, मी माफी मागतेय.
"ठीक आहे, ठीक आहे," म्हणाले.

दाराशी उभ्या सुकलाल शिपायाला मात्र
असा ठसका लागला
की पाण्याचा जग घेऊन तो बाहेरच गेला.
माझ्याच वयाचा असेल.
कितव्या अंकापर्यंत वाचला होता,
विचारायचं राहून गेलं.