साठ फुटांवरून

रविवारी, सहाच्या आधी, नवलखीच्या मैदानावर
मी मध्ये उभा असतो. हातात मूठ,
मुठीतून दोन पोलादी तारा, साठ फूट,
टोकाला माझं पिवळं विमान.
त्याला कुठेही जायचं असतं,
मी गोल जाऊ देतो.

धनसुखभाई काठावर.
गवतातला उत्तरायणाचा मांजा वेचायचा,
विमान धरायचं, सोडायचं,
तेल संपून उतरलं की धावत जाऊन उचलायचं.
सत्तावीस वर्षं.
जुनं दोन ठोक्यांचं इंजिन असं किंचाळायचं
की कावळेसुद्धा अकोट्याकडे निघून जायचे.
आम्ही हातांनी बोलायचो.
अंगठा, मूठ, पंजा. एवढीच आमची भाषा.

या जानेवारीत त्याचं कॉम्प्रेशन गेलं.
पंखा बोटाने फिरवला
तर लोण्यातून सुरी जावी तसा फिरला.

मी म्हटलं, या वेळी चार ठोक्यांचं घेऊ.
धनसुखभाई म्हणाले, नाक जड होईल.

मुंबईहून दोन मागवली, एक परत करायच्या बोलीवर.
रावपुऱ्यात फरसाणवाल्याच्या काट्यावर
गाठियाची परात उतरवून आम्ही ती मांडली.
जुनं तीनशे पंचेचाळीस ग्रॅम.
नवं चाळीसचं जवळपास तेवढंच.
बावन्नचं चारशे तीस.
म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम जास्त.
फरसाणवाला म्हणाला, एवढं तर माझ्या हाताला लागून जातं.

त्याला काय सांगायचं?
चाळीसचं हलकं, पण डोक्यावरून नेताना
वाऱ्यात दम टाकेल.
बावन्नचं जड, पण मोठा पंखा सावकाश ओढतं,
मकरपुऱ्याच्या शेडमधली धनसुखभाईंची लेथ
जाड सळईवर जशी चालायची,
घाई नाही, माघारही नाही.
शिवाय एक, जे मी बोललो नाही:
माझे गुडघे आता सव्वापाच सेकंदांच्या फेरीपुरतेच.
त्याहून वेगवान काही नको.

बावन्नचं ठेवलं. नाक एक इंच कापलं.
तरी शेपटीत चिमूटभर शिसं भरावं लागलं.
टॅपेटची फट माझ्या थरथरत्या हाताला जमेना.
धनसुखभाईंनी डोळे मिटून पाती सरकवली,
म्हणाले, बस, कागदाएवढी.
पहिल्या फटक्याला पंखा उलटा फिरला,
नट माझ्या चष्म्याजवळून उडून गवतात गेला.
पाऊण तास शोधला.
तिसऱ्या फटक्याला चालू झालं.

आणि हे काय?
हा आवाज नव्हता, गुरगुरणं होतं,
दुपारी झोपलेल्या माणसाचं असतं तसं.
एरंडेलाचा वास फेरी मारून माझ्यापाशी आला.
विमान वर गेलं, तारा ताठ,
आणि खालून, साठ फुटांवरून, एक माणूस ओरडत होता.

सांभळो!

मी मराठी माणूस. मला वाटलं, सांभाळा म्हणतात.
सांभाळतोच आहे की!
फिरलो. सव्वापाच सेकंदांनी त्यांचं तोंड परत आलं.
सांभळो!
तेव्हा लक्षात आलं, गुजरातीत तो शब्द
कानासाठी असतो. ऐका.
पुढच्या फेरीला आलं, पवन.
त्याच्या पुढच्या फेरीला, फर्यो.

वारा फिरला होता. मी चुकीच्या बाजूला
विमान डोक्यावर नेत होतो,
तारा ढिल्या पडायला लागल्या होत्या.
चार पावलं मागे धावलो. ताण परत आला.
याच मैदानात माझी तीन विमानं जमिनीत घुसली आहेत.
तिन्ही वेळा हे असेच काठावर,
तोंड उघडं, हात वर.
मला वाटायचं, घाबरलेत.

तेल संपलं. पिवळं घरंगळत उतरलं.
ते धावत गेले, उचलून आणलं.
मी विचारलं,
इतकी वर्षं हेच ओरडत होतात?

ते फडक्याने पंखावरचं एरंडेल पुसत राहिले.
म्हणाले, ना रे. दर रविवारी वेगळं.

मग इंजिनाला बोट लावून पाहिलं, गरम होतं.
निवल्यावर टॅपेट परत बघू, म्हणाले,
आणि खिशातून गाठियाची पुडी काढली.