करत असते

मेम्फिस. रात्रीचे साडेअकरा.
टॅवेरिसच्या निबंधातलं तिसरं वाक्य :
'माय मॉम बी वर्किंग नाइट्स.'
मी 'बी' खोडलं,
वर 'इज' लिहिलं, टपोरं,
आणि समासात : क्रियापद तपासा.

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी आला.
म्हणाला, मॅडम, 'इज' म्हणजे आत्ता, या घडीला.
आत्ता ती झोपलीय.
'बी' म्हणजे करत असते.
मी दुसरीत होतो तेव्हापासून
हॉस्पिटलच्या चादरी धूत असते.

विभागाच्या बैठकीत हॅलोरन म्हणाले,
मुलाखतीत हे कोण ऐकून घेणार त्याचं?
तेही खोटं नव्हतं.
मी मान डोलावली.

केंटकीहून, खाणीच्या गावातून
वडिलांचा फोन आला
की आधी ऑफिसचं दार लावते,
मग बोलते त्यांच्यासारखं.
लावते म्हणजे
लावत असते.